न मोजलेल्यांची मोजदाद

आपल्या गावात किंवा वॉर्डात गेल्या वर्षी किती माणसे वारली? प्रश्न अगदी साधा आहे. पण चार जाणत्या माणसांना विचारून पाहा, चार वेगळे आकडे मिळतील. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची नोंदवही पाचवा आकडा सांगेल. यांतला खरा कोणता? आणि या सगळ्यांच्याच नजरेतून निसटलेले मृत्यू किती?

विद्यापीठात ‘लोकसंख्या आणि आरोग्य’ हा विषय घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचा सुरुवातीला थोडा अपेक्षाभंगच होतो. रोग, लसी, दवाखाने यांबद्दल काही ऐकायला मिळेल असे त्याला वाटत असते. प्रत्यक्षात फळ्यावर येतो तो आकड्यांचा एक तक्ता. एका रकान्यात वय, दुसऱ्यात त्या वयापर्यंत जगलेल्यांची संख्या. याला आयुर्मान तक्ता म्हणतात. ‘भारतीयांचे सरासरी आयुर्मान इतकी वर्षे’ असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि मुलांना सांगतो, ते वाक्य या तक्त्यातून निघते. हा तक्ता कसा जन्माला आला आणि तो भरण्यासाठी लागणारी माहिती कोणी, कशी गोळा केली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यात शिक्षकांचाही वाटा आहे, हे शेवटी आपल्या लक्षात येईलच.

लंडनची साप्ताहिक पत्रके

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये प्लेगची भीती कायम असे. साथ आली की श्रीमंतांना शहर सोडून जायचे असे. पण साथ आली हे वेळेवर कळणार कसे? त्यासाठी दर आठवड्याला शहरातल्या मृत्यूंचे पत्रक छापले जाई. १६०३ च्या अखेरीपासून ही पत्रके नियमित निघू लागली. प्रत्येक चर्चच्या हद्दीत कोणी मेले की ‘शोधक’ म्हणून नेमलेल्या बायका त्या घरी जात, प्रेत पाहत आणि मृत्यूचे कारण सांगत. या बायका बहुधा म्हाताऱ्या आणि गरीब असत. वैद्यकाचे शिक्षण त्यांना नव्हते. त्यांनी सांगितलेले कारण चर्चचा कारकून लिहून घेई आणि आठवड्याचे पत्रक तयार होई.

ही पत्रके लोक वाचत आणि टाकून देत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या दुकानदाराने मात्र ती जमवली. बटणे, फिती, सुया असा माल विकणे हा त्याचा धंदा. हिशेबाची सवय असलेल्या या माणसाने अनेक वर्षांची पत्रके शेजारी शेजारी ठेवली, बेरजा केल्या, प्रमाणे काढली आणि १६६२ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात या पुस्तकापासून मानतात.

ग्रॉन्टला काय काय दिसले? लंडनमध्ये बाप्तिस्म्यांपेक्षा मृत्यू जास्त होते. तरीही शहर वाढत होते. याचा अर्थ खेड्यांतून माणसे सतत शहरात येत होती. लंडनची लोकसंख्या त्या काळी लोक बिनदिक्कत दशलक्षांत सांगत. ग्रॉन्टने हिशेब करून ती सुमारे ३,८४,००० असल्याचे दाखवले. मुलगे आणि मुली यांचे जन्म सारखे नसतात, मुलगे थोडे जास्त जन्मतात, हेही त्यानेच प्रथम आकड्यांनी सिद्ध केले. लंडनमध्ये हे प्रमाण त्याला १४ मुलग्यांमागे १३ मुली असे आढळले.

आता खरी गंमत पुढे आहे. या पत्रकांत मृताचे वय लिहिलेलेच नसे! वय लिहिण्याची पद्धत १७२८ साली सुरू झाली. मग कोणत्या वयात किती माणसे मरतात हे ग्रॉन्टला कसे कळले? त्याने कारणांचा आधार घेतला. दात येताना झालेले मृत्यू, आकडी, मुडदूस ही कारणे लहान मुलांचीच. देवी, गोवर अशा रोगांच्या मृत्यूंपैकी निम्मे मुलांचे असावेत असे त्याने धरले. वीस वर्षांतले २,२९,२५० मृत्यू तपासून त्याने अंदाज केला की शंभरातली ३६ मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात. पुढच्या वयांसाठी त्याने तर्काने आकडे भरले. त्याचा तक्ता असा :

वय ० – १०० जिवंत
वय ६ – ६४
वय १६ – ४०
वय २६ – २५
वय ३६ – १६
वय ४६ – १०
वय ५६ – ६
वय ६६ – ३
वय ७६ – १

हा तक्ता वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून सरासरी आयुर्मान काढून घेता येईल. पहिल्या सहा वर्षांत जिवंत असलेल्यांची सरासरी संख्या १०० आणि ६४ यांच्या मधली, म्हणजे ८२. ८२ माणसे गुणिले ६ वर्षे म्हणजे ४९२ ‘माणूस-वर्षे’. पुढच्या दहा वर्षांत ६४ आणि ४० यांची सरासरी ५२, म्हणून ५२० माणूस-वर्षे. असे करत ७६ वर्षांपर्यंत गेले की बेरीज १,८१७ येते. शंभर जिवांनी मिळून १,८१७ वर्षे आयुष्य काढले, म्हणजे सरासरी आयुर्मान १८ वर्षांच्या किंचित वर.

येथे विद्यार्थी हमखास फसतात. ‘म्हणजे त्या काळी माणसे अठराव्या वर्षी मरत होती का?’ असा प्रश्न येतो. तसे मुळीच नाही. १६ वर्षांच्या झालेल्या ४० जणांचे पुढचे आयुष्य मोजा. ते ८०५ माणूस-वर्षे भरते, म्हणजे प्रत्येकी सरासरी आणखी २० वर्षे. सोळा वर्षांचा तरुण सरासरीने छत्तिशी गाठत होता, आणि काही जण सत्तरीही पार करत होते. सरासरी खाली ओढली होती ती मुख्यतः बालमृत्यूंनी. ‘पूर्वी माणसे धडधाकट होती, नव्वद-नव्वद वर्षे जगत’ असे आपण ऐकतो तेही यामुळेच. जगलेले नव्वद वर्षांचे आजोबा सर्वांना आठवतात. पाळण्यात गेलेली त्यांची भावंडे कोणाला आठवत नाहीत.

ग्रॉन्टची आणखी एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. उपदंशाने झालेले मृत्यू पत्रकांत फारच कमी दिसतात हे त्याच्या लक्षात आले. घरच्यांना अब्रूची भीती असे. शोधक बाईला दारूचा पेला आणि थोडी लाच मिळाली की कारण बदलले जाई. म्हणजे आकडा कोणी लिहिला, कोणत्या परिस्थितीत लिहिला आणि काय लपवण्यात कोणाचा फायदा होता, हे प्रश्न या शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात विचारलेले आहेत.

वय मिळाले, तक्ता पक्का झाला

ग्रॉन्टला न मिळालेली माहिती ब्रेस्लाउ शहरात होती. हे शहर आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. तेथील धर्मोपदेशक कास्पर नॉयमान याने मृतांची वये नोंदवून ठेवली होती. सात आणि नऊ यांच्या पटीतली वर्षे माणसाला घातक असतात, या समजुतीत काही तथ्य आहे का हे त्याला तपासायचे होते. तथ्य नव्हतेच. पण त्याच्या १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या नोंदी लंडनला पोचल्या आणि एडमंड हॅले याच्या हाती पडल्या. होय, धूमकेतूचा अभ्यास करणारा तोच हॅले.

त्या शहरात वर्षाला सरासरी १,२३८ जन्म आणि १,१७४ मृत्यू होत होते. हॅलेने १६९३ साली या माहितीवरून वर्षावर्षाचा तक्ता बनवला. जन्मलेल्या १,२३८ पैकी सतरा वर्षांनंतर निम्मीच, म्हणजे ६१६, उरतात असे त्याने दाखवले. त्याचा व्यावहारिक उपयोगही सांगितला. त्या काळी इंग्लंडचे सरकार एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर वर्षासन देत असे, आणि दहा वर्षांच्या मुलाला व साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला एकच दर लावत असे. हॅलेच्या तक्त्यावरून हा व्यवहार तोट्याचा असल्याचे कोणालाही कळावे. आजचा आयुर्विमा याच पायावर उभा आहे.

तक्ता आरोग्याकडे वळतो

इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८३९ साली विल्यम फार हा डॉक्टर या नोंदणी कचेरीत कामाला लागला आणि पुढे चाळीस वर्षे तेथेच राहिला. १८४१ च्या जनगणनेवरून माणसे किती हे कळले, नोंदवहीवरून मेली किती हे कळले. एकाला दुसऱ्याने भागून त्याने वेगवेगळ्या ठिकाणांचे आयुर्मान तक्ते केले. इंग्लंडचे सरासरी आयुर्मान सुमारे ४१ वर्षे आले. पण सरे या ग्रामीण परगण्यात ते ४५ होते, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये अवघे २६! देश एक, राणी एक, हवामान जवळपास सारखे. मग हा फरक कशाचा? अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि घाण पाणी यांचा. आयुर्मान तक्ता आता शहराची प्रकृती दाखवू लागला होता.

फारच्या नोंदींचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग १८५४ सालच्या पटकीच्या साथीत झाला. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच रस्त्यावरच्या घरांना पाणी पुरवत. साउथवार्क-व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराच्या मैल्याने दूषित झालेल्या थेम्स नदीतून पाणी घेई. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या बाजूला, शहराबाहेर हलवले होते. जॉन स्नो या डॉक्टरने फारकडून मृतांचे पत्ते मिळवले आणि प्रत्येक घरी जाऊन पाणी कोणाचे हे विचारले. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू निघाले, दुसरीच्या ३७. पटकी हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरते हे पटकीचे जंतू सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधी या नोंदींनी सांगितले. फारचा स्वतःचा विश्वास दूषित हवेवर होता, तरी त्याने पत्ते दिले. १८६६ च्या साथीत पाण्याचा दोष त्यालाही मान्य करावा लागला.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी येथे आणखी एक धडा शिकतो. नुसता ‘हजारी मृत्यू किती’ हा सरसकट मृत्युदर पाहून आरोग्याची तुलना करू नये. हल्लीचे उदाहरण घेऊ. २०२० साली दर हजारी मृत्यू बिहारमध्ये ५.४ होते, केरळमध्ये ७.०. मग बिहार अधिक निरोगी का? केरळमध्ये म्हातारी माणसे जास्त आहेत, म्हणून तेथे एकूण मृत्यूही जास्त. प्रत्येक वयाचा मृत्युदर वेगळा काढून तक्ता केला की चित्र उलटते. २०१६ ते २०२० या काळात केरळचे आयुर्मान ७५ वर्षे होते, बिहारचे सत्तरीच्या आतच.

आपल्याकडची शिरगणती

भारतात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. एकाच दिवसाच्या हिशेबाने देशभर झालेली पहिली जनगणना १८८१ ची. तिच्या आकड्यांवरून आयुर्मान तक्ते करायला बसल्यावर एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. लोकांना आपले वय ठाऊक नव्हते. ३०, ४०, ५० अशा वयांची माणसे प्रचंड, आणि २९, ४१ वयाची जवळजवळ नाहीतच. वयांचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे दिसत.

यात आपल्याला नवल वाटू नये. ‘पानशेत फुटलं त्या साली झाला’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी रांगत होती’, ‘बहात्तरच्या दुष्काळातलं पोर’ अशीच उत्तरे आपल्याकडे मिळत आली आहेत. म्हणूनच प्रगणकांना स्थानिक घटनांच्या आधाराने वय काढायला शिकवतात. शाळेच्या जुन्या दाखल-खारिज रजिस्टरात पाहिले तर दुसरा नमुना सापडतो. किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे पाहा! पालकाला तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख घालत. आजही महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेले अनेक आजी-आजोबा भेटतात. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्याला अशी ‘गर्दीची तारीख’ दिसली की तो ओळखतो, हा आकडा जन्माचा नसून लिहिणाऱ्याचा आहे.

नोंद चुकण्याचे याहून गंभीर कारण म्हणजे भीती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. लवकरच पुणे व इतर गावांत साथ पसरली. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या. रोग्यांना उचलून नेले जाई आणि सामान जाळले जाई. लोकांनी मग रोगी लपवायला सुरुवात केली, आणि मृत्यूही. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी झालेला हल्ला आपण इतिहासात शिकवतो. त्याच घटनेची दुसरी बाजू अशी की ज्या नोंदीवर साथ रोखण्याचे काम अवलंबून होते, ती नोंदच झडतीच्या भीतीने बिघडली. लोकांचा विश्वास नसेल तर मोजणी होत नाही.

१९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ती सुमारे २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा हा परिणाम होता. त्या साथीत देशात नेमके किती मेले? अभ्यासकांचे अंदाज एक कोटीपासून दोन कोटींपर्यंत पसरलेले आहेत. गावचा पाटील किंवा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवत असे. गाव नमुना १४ आणि विदर्भातले ‘कोतवाल बुक’ ही त्याचीच रूपे. पण साथीत लिहिणारेच आजारी पडले आणि मेले. वही कोरी राहिली म्हणून त्या महिन्यांत मृत्यू कमी झाले असे मात्र कोणी म्हणणार नाही.

दोन याद्यांची युक्ती

मग निसटलेले मृत्यू मोजायचे कसे? जे लिहिलेच नाही ते कसे वाचायचे? याचे एक सुंदर उत्तर आपल्याच देशात मिळाले. कलकत्त्याजवळ सिंगूर येथे एक आरोग्य केंद्र होते. तेथील १९४५ आणि १९४६ या वर्षांची जन्म-मृत्यूंची सरकारी यादी घेऊन १९४७ साली घरोघर स्वतंत्र चौकशी करण्यात आली. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी या दोन याद्यांची तुलना करून १९४९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती शाळेतल्या त्रैराशिकाइतकी सोपी आहे.

समजा, ग्रामसेवकाच्या वहीत ८० मृत्यू आहेत. दुसऱ्या माणसाने वही न पाहता घरोघर फिरून ७५ मृत्यूंची यादी केली. नावे जुळवून पाहिली तर ६० दोन्ही याद्यांत आहेत. म्हणजे वहीतल्या ८० पैकी ६०, म्हणजे तीन-चतुर्थांश मृत्यू दुसऱ्या माणसाला सापडले. त्याची पकड सर्वच मृत्यूंबाबत अशीच असेल, तर त्याचे ७५ हे एकूण मृत्यूंच्या तीन-चतुर्थांश असणार. एकूण मृत्यू १००. त्यांपैकी ६० दोघांना सापडले, २० फक्त वहीत, १५ फक्त दुसऱ्या यादीत. बेरीज ९५. उरलेले ५ मृत्यू कोणालाच सापडले नाहीत, तरीही ते घडले आहेत हे आपल्याला कळले!

ही युक्ती वर्गात करून पाहण्याजोगी आहे. मुद्रणदोषांनी भरलेले एखादे पान दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळे वाचायला द्यावे. दोघांनी सापडलेल्या चुकांवर खुणा कराव्यात. मग वरच्या रीतीने दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या चुका किती असाव्यात ते काढावे आणि शेवटी पान बारकाईने तपासून पडताळावे.

स्वतंत्र भारतात हा विचार पुढे गेला. १९५६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण व संशोधन केंद्र स्थापन झाले. चंद्रशेखरन पुढे त्याचे संचालक होते. देवनार येथील या संस्थेला १९८५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भारताप्रमाणेच इतर आशियाई देशांतले विद्यार्थीही तेथे शिकायला येतात. १९६९-७० पासून देशभर ‘नमुना नोंदणी पद्धती’ सुरू झाली. तिच्यात निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत एक स्थानिक माणूस जन्म-मृत्यू घडतील तसे लिहीत राहतो. दुसरा पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी येऊन त्याची यादी न पाहता आपली यादी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात, आणि जे जुळत नाही ते पुन्हा त्या घरी जाऊन पडताळतात. स्थानिक नोंद करणारा हा माणूस अनेक ठिकाणी गावचा शिक्षकच असे.

१९७१ साली देशात दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती, २०२० साली २८, हे आपण सांगू शकतो ते या याद्यांमुळे. २०१६ ते २०२० या काळातले भारताचे आयुर्मान ७० वर्षे, हा आकडाही त्यांतूनच आलेला आहे.

युक्ती कोठे थकते?

दोन याद्यांच्या हिशेबात एक अट दडलेली आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पहिलीतून सुटलेला मृत्यू दुसरीत सापडण्याची शक्यता इतर मृत्यूंइतकीच हवी. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी लोकांचे लहान, एकसारखे गट पाडून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा असे सुचवले.

पण काही मृत्यू दोघांपासूनही लपतात. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेल्या बाळाला नावच नसते. त्याच्या जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही, आणि घरचेही त्याचा उल्लेख टाळतात. ते बाळ गरीब घरातले, दूरच्या पाड्यावरचे आणि मुलगी असेल तर सर्वांच्याच याद्यांतून निसटण्याचा संभव अधिक. अशा वेळी सूत्राने काढलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच हिशेबात सर्वांत कमी.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाचे महत्त्व येथे कळते. त्यांनी आधी गावागावांत जन्म-मृत्यूंची सतत नोंद आणि सहामाही घरोघर पाहणी अशी दुहेरी व्यवस्था बसवली. नवजात बाळांचे मृत्यू किती आणि कशाने होतात हे त्यामुळे स्पष्ट झाले. मग गावातल्याच स्त्रियांना बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवून ३९ गावांत घरच्या घरी नवजात-सेवा सुरू केली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींमधून ही रीत देशभर नेण्यात आली. मोजणी नसती तर मृत्यू घटले हे तर कळले नसतेच, पण ते होत होते हेही सिद्ध करता आले नसते.

ग्रॉन्टचे १४ आणि १३ हे प्रमाणही आपल्याला उपयोगी पडले आहे. निसर्गतः मुली किती जन्मायला हव्यात हे ठाऊक असल्याने कमतरता लगेच उघडी पडते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ मध्येच कायदा केला होता, तरीही आकडे घसरत गेले. या मुली कोणत्याही मृत्यूच्या नोंदवहीत नाहीत. त्या दिसतात त्या फक्त वजाबाकीत.

पुन्हा तोच प्रश्न

कोविडच्या काळात हा सारा इतिहास जणू पुन्हा घडला. २०२१ च्या अखेरीपर्यंत भारतात कोविडचे सुमारे ४.८ लाख मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा ४७ लाख जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. भारत सरकारने त्याची पद्धतच अमान्य केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदणी अहवालात सर्व कारणांचे मिळून २०२० चे मृत्यू ८१ लाख आणि २०२१ चे १०२ लाख दिसतात. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असेल, काही साथीमुळे. दोन्ही भाग वेगळे करणे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढचे आजचे गणित आहे.

१९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची झाली. २१ दिवसांच्या आत कळवल्यास शुल्क लागत नाही. बाळाचे नाव ठेवलेले नसले तरी नोंद करता येते, नाव मागाहून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. म्हणजे १ जूनची परंपरा आता संपायला हरकत नाही! २०२१ ची जनगणना लांबली आणि १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भतारीख २०२५ मध्ये जाहीर झाली. मोजणीला घरोघर जाणाऱ्यांत शिक्षक नेहमीच मोठ्या संख्येने असतात. शाळेचे काम सोडून हा भार अंगावर पडतो अशी शिक्षकांची तक्रार असते, आणि ती रास्तही आहे.

पण तो तक्ता हातात येईल तेव्हा लंडनच्या त्या म्हाताऱ्या शोधक बायका आठवाव्यात. त्यांनी नोंदवलेल्या कारणांवरून ग्रॉन्टने वयाचे गणित सोडवले, आणि लाच घेऊन त्यांनी बदललेले आकडे त्याला अखेरपर्यंत बोचले. ‘घरात आणखी कोणी? एखादे तान्हे बाळ?’ हा प्रश्न आपण दारात उभे राहून एकदा जास्त विचारला, तर पुढे ज्याला हा हिशेब करावा लागणार आहे त्या विद्यार्थ्याचे काम थोडे सोपे होईल. आणि गेल्या वर्षी गावात किती माणसे वारली, हे आपल्या वर्गातल्या मुलांना ग्रामपंचायतीच्या वहीतून एकदा आणि घरोघर विचारून एकदा, असे दोनदा मोजायला अवश्य सांगावे. दोन आकडे जुळणार नाहीत. शिकवायला तेथूनच सुरुवात करावी.